ऊन पडल्यावर सुरू होणारा ट्रॅक्टर

"थांबा ताई. आता सेल्फ मारू नका. बॅटरीले थोडा दम घेऊ द्या," मी म्हणालो.

वर्षाताईंनी चावीवरचा हात काढला. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला, थंड हवेत जरा वेळ लोंबकळला आणि विरून गेला. ट्रॅक्टर सुरू झाला नाही.

जानेवारीतली पहाट होती. खाप्याच्या अलीकडे कन्हान नदीच्या काठावरचं एक गाव. अजून नीट उजाडलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली जोडलेली, ट्रॉलीत पालक, मेथी आणि सांबाराच्या जुड्या. सांबार म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची कोथिंबीर. ट्रॉलीभोवती शाली गुंडाळून उभ्या असलेल्या बाया. कुणी ट्रॅक्टरकडे पाहत होतं, कुणी वर्षाताईंकडे, पण बहुतेक जणी माझ्याकडे. माझ्या डोक्यावर माकडटोपी, नाकाला धार लागलेली. सगळ्यांचे चेहरे पडलेले.

आणि खरं सांगतो, मला मनातून फार बरं वाटलं. त्या अंगणात आनंद झालेला मी एकटाच होतो. का, ते सांगतो.

मी नागपुरात एका ट्रॅक्टर डीलरकडे सर्व्हिस मॅनेजर आहे. आडनाव इखार. आयुष्य सगळं ग्रीस आणि डिझेलच्या वासात गेलं, आता रिटायरमेंट जवळ आली आहे. हुडकेश्वरला घर आहे. माझं काम सोपं आहे. ट्रॅक्टर बिघडला की आमचे मेकॅनिक जातात. मेकॅनिकला नाही जमलं की मी जातो. मला नाही जमलं की मालक कंपनीला फोन करतात आणि मग सगळेच माझ्यावर ओरडतात.

हा ट्रॅक्टर एका महिला गटाचा होता. गावातल्या बायांनी मिळून घेतलेला. पहाटे सगळ्यांचा भाजीपाला गोळा करायचा आणि ट्रॉलीतून सावनेर रोडच्या फाट्यावर न्यायचा. तिथे नागपूरच्या बाजारात जाणारी पिकअप गाडी येते. पिकअपवाला आणखी तीन-चार गावांचा माल उचलतो, त्यामुळे तो कुणासाठी फार थांबत नाही. ट्रॉली वेळेवर पोचली तर भाजी नागपूरला. नाही पोचली तर ती पालक दुपारपर्यंत मान टाकते, मग बकऱ्यांनाच घालायची. दिवसभर ट्रॅक्टर भाड्याने नांगरणी, फवारणी करतो. पण गटाचा जीव त्या पहाटेच्या फेरीत होता.

चालवायला वर्षा रंगारी. तिशी ओलांडलेली, बोलायला कमी. गटाने ट्रॅक्टर घेतला तेव्हा चालवायला पुरुष ठेवायचा की बाई, यावर बरीच चर्चा झाली होती म्हणे. गटाच्या अध्यक्ष शकुनबाई. त्यांनी ठरवलं की ट्रॅक्टर बायांचा, तर चालवणारीही बाईच. वर्षाताई शिकल्या, लायसन्स काढलं आणि पावसाळाभर ट्रॅक्टर उत्तम चालवला. मग डिसेंबर आला.

नागपूरला थंडी पडते हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. आम्ही स्वतःच उन्हाळ्याची इतकी जाहिरात करतो की हिवाळ्याचं कुणाला सांगायचं राहून जातं. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारा सुटला की पारा असा घसरतो की नदीकाठच्या गावात पहाटे नळाला हात लावायला नको वाटतं. याच दिवसांत आमच्याकडे एक तक्रार ठरलेली असते. सकाळी गाडी उचलत नाही.

डिझेल इंजिनाचं गणित आधी समजून घ्या. पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, पेट्रोल पेटतं. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. इंजिन हवा आत ओढतं आणि ती जोरात दाबतं. दाबली की हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी खाली गरम होते, तसंच. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. सगळी करामत त्या उष्णतेची. आता थंडीत काय होतं? रात्रभर गारठलेलं लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. ऑईल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन जड फिरतं. बॅटरीही सुस्तावते. हवा तापतच नाही, डिझेल पेटत नाही आणि न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं.

यावर उपाय म्हणून काही ट्रॅक्टरमध्ये हीटर असतो. हवा जिथून आत जाते त्या नळीत बसवलेली विजेची छोटी शेगडीच म्हणा. चावी हीटरवर ठेवायची, डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा. हवा आधीच कोमट होऊन आत जाते. इतकं सोपं. आणि इतकं सोपं असल्यामुळेच लोक थांबत नाहीत.

तर वर्षाताईंची तक्रार आली तेव्हा आमच्या मेकॅनिकने मनाशी हेच धरलं की बाई हीटर लावत नसेल. तो गेला. नागपूरहून निघून, वाटेत चहा घेऊन, गावात पोचेपर्यंत चांगलंच ऊन चढलेलं. त्याने चावी फिरवली, ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये सुरू. त्याने हीटर कसा लावायचा ते सांगितलं आणि तक्रार बंद केली. काही दिवसांनी पुन्हा तक्रार. पुन्हा तोच गेला, पुन्हा ऊन, पुन्हा एका सेल्फमध्ये सुरू. तक्रार पुन्हा बंद.

तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते तसे भले गृहस्थ, पण त्यांना एकच तक्रार तीनदा ऐकायला आवडत नाही.

"इखार, गाडीत काही नाही. बाईत आहे," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः जा, पाहा, आणि ऑपरेटर मिस्टेक लिहून विषय संपवा."

ऑपरेटर मिस्टेक म्हणजे मशीन ठीक, चालवणाऱ्याची चूक. आमच्या धंद्यात हा शेरा फार सोयीचा. तो एकदा लिहिला की कुणाला काही दुरुस्त करावं लागत नाही.

मी गेलो. मीही ऊन पडल्यावरच पोचलो, कारण मीही माणूसच. अंगणात ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या सीटवर एक तरुण ऐटीत बसला होता. वर्षाताईंचा दीर, भोजराज. हा ट्रक चालवायचा, आता गावातच कुणाकुणाच्या गाड्यांवर जायचा. माणूस वाईट नव्हता, पण सहा महिन्यांपासून त्याच्या डोळ्यांसमोर त्याची वहिनी ट्रॅक्टर चालवत होती आणि ते त्याला गिळवत नव्हतं. माझ्यासमोर त्याने दोन बोटांनी चावी फिरवली. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला.

"हात पाहिजे साहेब, हात," तो म्हणाला.

शकुनबाईंनी मला बाजूला घेतलं. पासष्टीच्या, ताठ कण्याच्या बाई. त्यांनी सांगितलं की गेल्या दोन आठवड्यांत चारदा-पाचदा ट्रॉली वेळेवर निघाली नाही, भाजी वाया गेली. बाया आता कुरकुर करू लागल्या आहेत. भोजराजच्या हातात सुरू होतो आणि वर्षाच्या हातात होत नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. रविवारी गटाची मीटिंग आहे. त्यात ट्रॅक्टर भोजराजकडे द्यायचं बहुतेक ठरणार. त्यांना स्वतःला ते पटत नव्हतं, पण त्यांना पटत नाही म्हणून मेथीची जुडी ताजी राहत नाही.

मी वर्षाताईंना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. त्या विहिरीजवळ उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "साहेब, बिमार माणूस बरा झाल्यावर डॉक्टर आला, तर तो काय सांगन? बिमारच नव्हता म्हणन. तुमचं तसंच होऊन राहिलं."

मी भोजराजला विचारलं की तू हा ट्रॅक्टर नेहमी किती वाजता सुरू करतोस. तो म्हणाला, चहा-पोहे झाले की. मग वर्षाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोंबडा आरवतो तेव्हा.

म्हणजे एकच ट्रॅक्टर दोन वेगवेगळ्या हवामानांत दोन माणसं सुरू करत होती, आणि फरक मात्र हातांत शोधला जात होता. आमचा मेकॅनिक आणि मी, आम्हीही भोजराजच्याच हवामानात येत होतो.

ऑफिसात परत येऊन मी मालकांना सांगितलं की पहाटे जावं लागेल. ते म्हणाले, पाठवा कुणाला तरी. मी वर्कशॉपमध्ये विचारलं. एकाची सासू आजारी निघाली, एकाच्या मोटरसायकलचा हेडलाइट गेलेला निघाला, आणि तिसऱ्याने सरळ सांगितलं की साहेब, लई थंडी आहे. तिसऱ्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. मीच जायचं ठरवलं.

हुडकेश्वर नागपूरच्या एका टोकाला, खापा दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. अंधारातच निघालो. बायकोने डब्यात पोळ्या दिल्या, थर्मासमध्ये चहा दिला आणि म्हणाली की आता रिटायर व्हायच्या वेळी तुम्हाला ड्यूटी सुचते आहे. सावनेर रोडला धुकं इतकं दाट की पुढच्या ट्रकचा लाल दिवाही जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हता. गाडीत हीटर लावून बसलो होतो, तरी पाय गार. गावात पोचलो तेव्हा वर्षाताई अंगणात ट्रॅक्टरपाशी उभ्या होत्या. रात्रभर तिथेच उभ्या होत्या की काय, असं वाटावं इतक्या तयार.

"जयभीम साहेब. आलेच तुमी," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्यांचा विश्वास नव्हता.

मी त्यांना म्हटलं, मी आलोच नाही असं समजा आणि रोज करता तसं सुरू करा. मी काही बोलणार नाही. खरं तर मी परीक्षाच घेत होतो. चूक सापडली असती तर ती तिथल्या तिथे दाखवून, शिकवून, डब्यातली पोळी खाऊन मी परत गेलो असतो.

त्या सीटवर बसल्या. पहिल्यांदा गिअर न्यूट्रलला आहे का पाहिलं. मग पीटीओ बंद केला. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, ज्यावर फवारणी पंप वगैरे चालतात. तो चालू राहिला तर इंजिनावर फुकटचा भार. मग क्लच पूर्ण दाबला. पुष्कळ लोक इथे चुकतात. न्यूट्रल आहे ना, मग क्लच कशाला, असं म्हणतात. पण क्लच दाबला नाही तर सेल्फला इंजिनासोबत गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं ऑईलही घुसळावं लागतं. थंडीत एवढ्यानेही फरक पडतो. मग रेस अर्ध्यावर. मग चावी हीटरवर. डॅशबोर्डवर दिवा लागला. त्या थांबल्या. दिवा विझला. मग सेल्फ, पण थोडाच वेळ. सुरू झाला नाही तशी चावी सोडली, बॅटरीला विश्रांती दिली, पुन्हा हीटर, पुन्हा सेल्फ.

मी आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये बऱ्याच लोकांना हे शिकवलं आहे. इतकं शिस्तीत करणारे मोजके पाहिले. एकही चूक नव्हती.

आणि तरी ट्रॅक्टर सुरू झाला नाही. नुसता पांढरा धूर.

म्हणून मला बरं वाटलं होतं. बिघाड माझ्यासमोर उभा होता. ऊन पडल्यावर पळून जाणारा बिघाड आज ताब्यात सापडला होता.

बायांना अर्थातच यात आनंदाचं काही दिसत नव्हतं. पिकअपची वेळ जवळ येत होती. कुणी तरी म्हणालं की भोजराजले बोलवा. त्याला बोलवावं लागलं नाही. कंपनीचा साहेब पहाटे येणार ही बातमी गावभर झालेली. तो ब्लँकेट गुंडाळून आला, परिस्थिती पाहिली आणि मी काही बोलायच्या आतच एक कापड डिझेलमध्ये बुडवून, काडी लावून, ते पेटतं कापड घेऊन हवेच्या नळीकडे निघाला. ट्रकवर आम्ही असंच करतो म्हणे.

मी त्याचा हात धरला. जरा जोरातच धरला असेन. हवेच्या नळीच्या तोंडाशी जाळ धरला तर इंजिन तो जाळ आत ओढतं. आत कागदाचा एअर फिल्टर असतो. तो पेटला की बॉनेटखाली डिझेलच्या नळ्या आहेत, वायरी आहेत, आणि वर सीटवर माणूस बसलेला आहे. जुन्या गाड्यांवर अशी कामं कुणी करून दाखवली असतील. ज्यांची गाडी जळली ते सांगायला येत नाहीत.

मी हे सगळं त्याला सांगितलं. बायाही ऐकत होत्या. त्याने कापड मातीत विझवलं, पण चेहरा लाल झाला. सगळ्यांसमोर अडवलेलं कुणालाही आवडत नाही. तो काही बोलणार, एवढ्यात वर्षाताई सीटवरूनच म्हणाल्या, "भाऊजी, तुमची मोटरसायकल काढा. फाट्यावर जा. पिकअपवाल्याले कसंही करून थांबवून ठेवा. तुमाशिवाय तो कोणाचं आयकत नाई."

हे शेवटचं वाक्य खरं होतं की त्याच्यासाठी बनवलेलं होतं, मला आजही माहीत नाही. पण त्याने ब्लँकेट खांद्यावर टाकलं आणि गेला. मोटरसायकलचा आवाज धुक्यात बराच वेळ ऐकू येत होता.

आता मी कामाला लागलो. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी चांगली. पांढरा धूर येत होता, म्हणजे डिझेल आत पोचत होतं, फक्त पेटत नव्हतं. राहिली उष्णता. मी वर्षाताईंना चावी हीटरवर ठेवायला सांगितली आणि बॉनेट उघडून, जपून, हीटरच्या अंगाला बोट लावलं. हीटर चालू असता तर चटका बसला असता. माझं बोट उलट आणखी गार झालं.

दिवा लागतोय आणि हीटर थंड. हे कसं? कारण डॅशबोर्डवरचा दिवा वेगळ्या वायरीवर असतो. चावी हीटरवर आली की तो लागतो आणि ठरलेल्या वेळाने विझतो, एवढंच. शेगडी तापली की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. बाई रोज पहाटे त्या दिव्यावर विश्वास ठेवून थांबत होत्या आणि दिवा त्यांना रोज फसवत होता.

करंट तपासायचा टेस्ट लॅम्प लावून पाहिला. हीटरपर्यंत करंट येतच नव्हता. मग वायर हाताने चाचपत मागे मागे गेलो. डॅशबोर्डच्या मागे पोचलो आणि टॉर्चच्या उजेडात एक नवी कोरी लाल वायर दिसली. कंपनी अशी वायर टाकत नाही. हीटरची जाड वायर ज्या नटाखाली आवळलेली असायला हवी, तिथे ही लाल वायर आवळलेली होती. हीटरची वायर काढून, टोकाला काळी टेप गुंडाळून, कोपऱ्यात खोचून दिलेली. लाल वायरीचा माग काढला. ती वर, छताखाली बसवलेल्या डेककडे गेली होती. डेक म्हणजे गाण्यांचं मशीन, सोबत दोन मोठे स्पीकर.

ज्याने डेक बसवला त्याला करंट हवा होता. त्या नटावर दोन वायरी मावेनात, म्हणून त्याने एक काढली. पावसाळा नुकता संपलेला, उकाडा होता, हीटरचं कुणाला काय पडलेलं? ट्रॅक्टर मस्त चालत होता. गाणी तर त्याहून मस्त.

मी डॅशबोर्डखाली डोकं घालून वाकलेलो होतो आणि मला कळत होतं की बाहेर सगळ्या बाया उत्तराची वाट पाहत आहेत. कुणी बसवला हा डेक, असं विचारलं की कुणाचं तरी नाव पुढे येणार. आणि रविवारच्या मीटिंगला ते नाव पुरेल. मी एवढंच म्हणालो की ही लाल वायर कंपनीची नाही, हिच्यामुळे हीटर बंद पडला आहे.

वर्षाताई ट्रॅक्टरवरून खाली उतरल्या.

"डेक मीच बसवला साहेब," त्या म्हणाल्या. "दसऱ्याले आमी सगळ्या ट्रॉलीत बसून दीक्षाभूमीले गेलो. त्याच्या आधी सावनेरच्या दुकानातून मी बसवून आणला. तो काय करून राहिला ते मले समजलं नाई. पण गाडी घेऊन गेली ती मीच."

दोन आठवडे ज्या बाईला सगळे म्हणत होते की तुझी चूक आहे, तिला आज कळलं होतं की ट्रॅक्टर सुरू करण्यात तिची काहीच चूक नव्हती. आणि त्याच मिनिटाला तिने दुसरी चूक स्वतःहून अंगावर घेतली. गप्प राहिली असती तर मी काही बोललो नसतो.

शकुनबाई पुढे आल्या. "तू एकटीनं काहून बसवला वं? आमी सगळ्यांनीच म्हटलं होतं ना, गाणे पाहिजे म्हणून. गाणे तर सगळ्यांनी आयकले. जाता-येता आयकले." त्यांनी मागे वळून बायांकडे पाहिलं. "का वं?"

बायांनी माना डोलावल्या. एक म्हातारी म्हणाली की आवाज कमी करा म्हणणारी मी एकटीच होती. त्यावर सगळ्या हसल्या आणि अंगणातली हवा जरा सैल झाली.

मी लाल वायर काढली, हीटरची वायर साफ करून पुन्हा नटाखाली घट्ट आवळली. वर्षाताई सीटवर बसल्या. न्यूट्रल, पीटीओ, क्लच, अर्धी रेस, हीटर. मी हीटरजवळ हात नेला. ऊब जाणवली. दिवा विझला. त्यांनी सेल्फ मारला. ट्रॅक्टर दोनदा खोकला, काळ्या धुराचा एक गोळा वर फेकला आणि धडधडायला लागला. बायांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. त्या लगबगीने ट्रॉलीत चढल्या, कारण पिकअप होती.

आणि इथे मला वर्षाताई कळल्या. ट्रॉलीतून बाया ओरडत होत्या, चाल वं, चाल. त्यांनी रेस कमी केली आणि ट्रॅक्टर जागेवरच धडधडत ठेवला. गार इंजिन सुरू झालं की ऑईल सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो. लगेच जोर लावला तर कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर घासतं. आज काही होत नाही, पण इंजिनाचं आयुष्य तिथे झिजतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मीच म्हणणार होतो की जाऊ द्या, निघा. ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. दोन-तीन मिनिटांचाच प्रश्न होता, पण ट्रॉलीत भाजी आणि समोर रस्ता असताना ती दोन-तीन मिनिटं बसून राहायला धीर लागतो. मग त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि ट्रॉली हलली.

मी माझ्या गाडीने मागोमाग गेलो. फाट्यावर धुक्यातून आधी पिकअपचे दिवे दिसले. मग तिच्या बरोबर समोर आडवी लावलेली मोटरसायकल. मोटरसायकलवर भोजराज ब्लँकेट पांघरून बसलेला आणि पिकअपवाला त्याच्याशी वाद घालून थकलेला. ट्रॉली दिसली तसा भोजराज उठला. त्याने मला विचारलं, "कोणं सुरू केली?"

"वर्षाताईनं," मी म्हणालो. "एका सेल्फमध्ये."

त्याने मान हलवली. ट्रॉलीचं मागचं फाळकं खाली पाडलं आणि मेथीच्या जुड्या पिकअपमध्ये फेकायला लागला. सगळा माल चढला. पिकअपवाला जाता जाता म्हणाला की उद्या मोटरसायकल आडवी घातली तर तुला तिच्यासकट नागपूरला नेईन.

मग मी थर्मास काढला. रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही चहा घेतला. वर्षाताई एकटक ट्रॅक्टरकडे पाहत होत्या. मी त्यांना म्हटलं की तुमचं सगळं बरोबर होतं. त्या म्हणाल्या, मले माहीत होतं साहेब, पण रोज सगळे उलटं सांगाले लागले तर आपलंच आपल्याले खोटं वाटते. मी त्यांना आणखी चहा ओतला.

रविवारच्या मीटिंगचं मला शकुनबाईंनी फोनवर सांगितलं. डेक काढून टाकायचा का, यावरच जास्त वेळ वाद झाला. ड्रायव्हर बदलायचा विषय निघाला तेव्हा, त्यासाठीच बोलावलेला भोजराज स्वतः उठून म्हणाला की मले त्या थंडीत रोज उठणं होत नाई, ट्रॅक्टर वहिनीकडेच राहू द्या. पहाटे फाट्यावर ब्लँकेटमध्ये बसून त्याने विचार केला असावा. मला ते कारण पुरेसं वाटलं. माणसं चांगल्या निर्णयाला कोणत्याही रस्त्याने आली तरी चालतं.

डेक राहिला. मी आमचा इलेक्ट्रिशियन पाठवून त्याला वेगळी वायर आणि स्वतःचा फ्यूज बसवून दिला.

मालकांनी विचारलं, मग काय लिहायचं, ऑपरेटर मिस्टेक ना? मी म्हणालो, ऑपरेटर बरोबर, वायर चुकीची. ते म्हणाले, बाहेरून डेक बसवला म्हणजे शेवटी ऑपरेटरचीच मिस्टेक. मी म्हणालो, मग उद्या पहाटे तुम्ही चला, आपण दोघं जाऊन तिला तसं सांगू. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, बाहेरचं धुकं पाहिलं आणि वायर लिहायला परवानगी दिली.

त्यानंतर मी एक नियम केला. हिवाळ्यात गाडी सकाळी उचलत नाही अशी तक्रार आली, तर मेकॅनिकने ऊन पडायच्या आत तिथे पोचायचं. वर्कशॉपमध्ये या नियमाचं स्वागत कसं झालं ते छापण्यासारखं नाही. पण पुढच्या हिवाळ्यात अशा तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. मालकांना वाटतं कंपनीने मॉडेल सुधारलं. तसं काही नाही. आता नवी गाडी देताना आमची पोरं चालवणाऱ्याला शेजारी बसवून, हीटर, क्लच, रेस सगळं पुन्हा पुन्हा करून घेतात, आणि बाहेरचं काही बसवायचं असेल तर आधी आम्हाला दाखवा म्हणून बजावतात. नीट शिकवलं नाही, तर थंडीत उठून जावं लागतं ते त्यांनाच.